ध्रुवपालट : संगणकाच्या हुकमतींतील रिले

हिंगोलीहून नांदेडकडे जातांना कळमनुरीच्या पुढें आखाडा बाळापूर हें गांव लागतें. या परिसरांत हळदीचें पीक मोठें आहे. हळद एकदां लावली म्हणजे आठ-नऊ महिने ती जमिनींत राहते आणि या सर्व अवधींत तिला पाणी कमी पडूनहि चालत नाहीं व जास्त होऊनहि चालत नाहीं. कमी पडलें तर कंद पोसत नाहीं. मुळाशीं साचून राहिलें तर कंदकूज लागते आणि वर्षाची मेहनत मातींतच सडते. म्हणून पुष्कळ शेतकरी गादीवाफ्यांवर हळद घेतात व ठिबकच्या नळ्यांनीं तिला मोजकें पाणी देतात. विहिरीवरची मोटार सगळ्या शेताला एकाच वेळीं पुरी पडत नाहीं. तेव्हां शेताचे तीन-चार भाग पाडावयाचे, प्रत्येक भागाच्या तोंडाशीं एक व्हॉल्व्ह बसवावयाचा, आणि एक बंद करून दुसरा उघडीत पाळीपाळीनें पाणी फिरवावयाचें, अशी ही रीत आहे.

आतां अडचण पाहा. शेतीच्या वाहिनीवरची वीज पाळीनें मिळते. आणि पाळी रात्रीची असली म्हणजे शेतकऱ्यानें बॅटरी हातांत घेऊन, सापकिरड्याच्या भीतीनें पाऊल जपत, दर दोन तासांनीं बांधावर जावें लागतें. दिवसा वीज मिळावी या हेतूनें महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा हातीं घेतला. परंतु वीज दिवसाची असो वा रात्रीची, व्हॉल्व्ह फिरविण्यासाठीं माणसाला जावें लागतेंच. हें काम एखाद्या लहानशा संगणकाकडे सोंपवितां येईल काय? येईल. मात्र त्यासाठीं विजेच्या धन व ऋण ध्रुवांची अदलाबदल संगणकाच्या हुकुमानें व्हावयास हवी. ती कशी होते, आणि ती करतांना कोणत्या चुका महागांत पडतात, हेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम ध्रुव म्हणजे काय तें पाहूं. घरांत येणारी वीज ही प्रत्यावर्ती असते. तिची दिशा सेकंदांतून पन्नास वेळां पुढें व पन्नास वेळां मागें होते. म्हणून तिच्यांत कायमचें धन टोंक किंवा कायमचें ऋण टोंक असें नसतें. बॅटरी, सौरपट्टी किंवा संगणकाचा चार्जर यांतून मिळणारी वीज एकदिश असते. तिचें एक टोंक सदैव धन, दुसरें सदैव ऋण. आपल्या बोलण्यांत प्लस आणि मायनस. प्लसच्या जागीं मायनस व मायनसच्या जागीं प्लस जोडला कीं वस्तूंतून जाणाऱ्या प्रवाहाची दिशा उलटते. ध्रुवपालट तो हाच.

दिशा उलटल्यानें काय होतें, हें १८२० सालीं डेन्मार्कमधील हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यानें दाखविलें. तारेजवळ होकायंत्राची सुई ठेवून त्यानें तारेंतून प्रवाह सोडला, तेव्हां सुई एका बाजूस वळली. प्रवाह उलटा करतांच ती दुसऱ्या बाजूस वळली. या एका निरीक्षणावर पुढें केवढी इमारत उभी राहिली! १८३७ सालीं इंग्लंडांत कूक व व्हीटस्टन यांनीं तारायंत्राचें पेटंट घेतलें, त्यांत सुया डावीउजवीकडे वळवूनच अक्षरें दाखवीत असत. १८७० सालीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानें मुंबई व एडन यांच्यामध्यें समुद्राखालून तार टाकली. अशा लांब सागरी तारांवर टिंब व रेघ हीं एकाच लांबीचीं, परंतु विरुद्ध ध्रुवांचीं पाठविण्याची पद्धति होती. टिंबाला एक दिशा, रेघेला उलट दिशा. म्हणजे ध्रुवपालट हीच त्या काळची भाषा होती, असें म्हटलें तरी चालेल.

आतां आपल्या व्हॉल्व्हकडे वळूं. विजेवर चालणाऱ्या साध्या व्हॉल्व्हांत तारेचें एक वेटोळें असतें व त्याच्या पोटांत लोखंडी दट्ट्या असतो. प्रवाह सोडला कीं वेटोळें चुंबक बनून दट्ट्याला वर ओढतें व पाण्याची वाट मोकळी होते. प्रवाह थांबला कीं स्प्रिंग दट्ट्याला खालीं लोटते. या व्हॉल्व्हाला पाणी चालू असेपर्यंत वीज खावी लागते. शेताच्या कोपऱ्यांत, जेथें केवळ लहानशी बॅटरी आहे, तेथें हा खर्च परवडत नाहीं.

म्हणून दुसऱ्या जातीचा व्हॉल्व्ह निघाला. त्याला बाजारांत ‘लॅचिंग’ व्हॉल्व्ह म्हणतात. आपण त्याला अडसरी व्हॉल्व्ह म्हणूं, कारण तो दाराच्या अडसरासारखा जेथें सारावा तेथेंच राहतो. त्याच्या डोक्यांत वेटोळ्याच्या जोडीला एक कायमचा लोहचुंबक बसविलेला असतो. वेटोळ्यांत एका दिशेनें प्रवाहाचा क्षणभर ठोका दिला, कीं वेटोळ्याचें चुंबकत्व लोहचुंबकाला साहाय्य करतें व दट्ट्या वर चढतो. प्रवाह थांबला तरी लोहचुंबक त्याला वरच धरून ठेवतो. बंद करावयाचें झालें कीं उलट दिशेनें ठोका द्यावयाचा. आतां वेटोळ्याचें चुंबकत्व लोहचुंबकाच्या विरुद्ध पडतें, पकड क्षणभर ढिली होते, आणि स्प्रिंग दट्ट्याला खालीं बसविते. उघडण्यास एक ठोका, बंद करण्यास एक उलटा ठोका. मधल्या वेळीं खर्च शून्य.

हा फरक केवढा आहे, हें एका हिशेबानें ध्यानांत येईल. समजा, साधा व्हॉल्व्ह १२ व्होल्टांवर ०.३ अँपियर प्रवाह घेतो. म्हणजे ३.६ वॅट. चार तास पाणी चालू ठेवलें तर १४,४०० सेकंदांत त्याला ५१,८४० ज्यूल ऊर्जा लागली. आतां अडसरी व्हॉल्व्हाचें वेटोळें ६ ओहमांचें धरूं. १२ व्होल्टांवर त्यांतून २ अँपियर जातील, म्हणजे २४ वॅट. परंतु केवळ एका सेकंदाच्या विसाव्या भागापुरते. ऊर्जा झाली १.२ ज्यूल. उघडण्याचा व बंद करण्याचा असे दोन ठोके मिळून २.४ ज्यूल. ५१,८४० कोठें आणि २.४ कोठें! एकवीस हजारांहून अधिक पटींचा हा फरक आहे. प्रत्यक्ष आंकडे बनावटीप्रमाणें बदलतील, पण तात्पर्य बदलणार नाहीं.

हा उलटसुलट ठोका देणार कोण? येथें रिले पुढें येतो. रिले म्हणजे विजेनें चालणारें बटण. त्यांतहि एक वेटोळें असतें. वेटोळ्यांत थोडासा प्रवाह सोडला कीं तें लोखंडाची एक जीभ ओढून घेतें, आणि ती जीभ दुसऱ्या, मोठ्या प्रवाहाची वाट बदलते. अमेरिकेंत जोसेफ हेन्री यानें १८३५ च्या सुमारास अशी युक्ति दाखविली होती. लांबून थकून आलेल्या क्षीण प्रवाहानें नव्या दमाच्या बॅटरीची वाट उघडावयाची, हें तारायंत्राच्या काळांतलें तिचें काम. वाटेंत घोडे बदलून टपाल पुढें नेत, तसेंच हें.

साध्या रिलेच्या मोठ्या प्रवाहाच्या बाजूस तीन टोंकें असतात. मधलें टोंक जिभेचें. जीभ विश्रांतींत असतांना ज्याला टेकते तो विश्रांतीचा स्पर्शक. आणि ओढली गेल्यावर ज्याला टेकते तो ओढीचा स्पर्शक. तयार पट्ट्यांवर यांनाच अनुक्रमें कॉम, एन्.सी. व एन्.ओ. अशीं अक्षरें छापलेलीं असतात. जीभ एका वेळीं एकालाच टेकूं शकते, दोघांना नाहीं, हें नीट लक्षांत ठेवा. आपली सर्व सुरक्षितता याच एका गोष्टीवर उभी आहे.

आतां असे दोन रिले घ्या. एकाला अ म्हणूं, दुसऱ्याला ब. व्हॉल्व्हाची तांबडी तार अ च्या मधल्या टोंकास जोडा व काळी तार ब च्या मधल्या टोंकास. दोघांचेहि विश्रांतीचे स्पर्शक बॅटरीच्या मायनसला जोडा आणि दोघांचेहि ओढीचे स्पर्शक प्लसला. झाली जोडणी! आतां चारच गोष्टी संभवतात. दोन्ही रिले विश्रांतींत असले तर दोन्ही तारा मायनसवर आहेत, प्रवाह नाहीं. एकटा अ ओढला गेला तर तांबडी तार प्लसवर, काळी मायनसवर, व्हॉल्व्ह उघडतो. एकटा ब ओढला गेला तर काळी प्लसवर, तांबडी मायनसवर. व्हॉल्व्ह बंद होतो. आणि चुकून दोन्ही ओढले गेले तर दोन्ही तारा प्लसवर येतात. दाबाचा फरकच नसल्यानें पुन्हा प्रवाह नाहीं. चारांपैकीं एकाहि स्थितींत प्लस व मायनस थेट एकमेकांस भिडत नाहींत. या जोडणीचा सर्वांत मोठा गुण हाच.

याचें महत्त्व मला अनुभवानें पटलें. पहिल्या खेपेस मीं अधिक शहाणपणा करून चार निरनिराळे रिले वापरले होते. प्रत्येक तारेस एक प्लससाठीं व एक मायनससाठीं. टेबलावर दिवसभर सारें व्यवस्थित चाललें. संध्याकाळीं वीज जाऊन परत आली, संगणक नव्यानें जागा झाला, आणि त्या गोंधळाच्या अर्ध्या क्षणांत एकाच तारेचे दोन्ही रिले एकदम ओढले गेले. फ्यूज उडाला म्हणून बॅटरी वांचली. चूक संगणकाची नव्हती. चुकीला वाव ठेवणारी जोडणी माझी होती. जें होऊं नये तें केवळ आज्ञेनें टाळण्यापेक्षां जोडणीनेंच अशक्य करावें, हा धडा मीं त्या दिवशीं घेतला.

मोटार दोन्ही दिशांस फिरवावयाची असेल तर दुसरीहि एक तऱ्हा आहे. दोन जिभांचा एकच रिले घ्यावयाचा व त्याच्या स्पर्शकांवर प्लस-मायनसच्या तारा फुलीसारख्या आडव्या-उभ्या जोडावयाच्या. मग रिले विश्रांतींत असतांना एक दिशा व ओढला असतांना दुसरी दिशा मिळते. परंतु या रचनेंत ‘बंद’ अशी स्थितिच नाहीं. म्हणून वीज चालू-बंद करण्यास आणखी एक रिले लागतो. येथें क्रम पाळावाच लागतो. आधीं पुरवठा तोडावा, मोटार थांबूं द्यावी, मग दिशा पालटावी, आणि नंतर पुरवठा जोडावा. धांवती मोटार एकदम उलटी केली तर तिच्यांत निर्माण झालेला विरोधी दाब पुरवठ्याच्या बाजूनें उभा राहतो आणि आरंभीच्या मोठ्या प्रवाहाच्याहि जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहतो. धांवता बैल जागच्या जागीं उलट फिरविला तर जूं मोडतें. तसाच हा प्रकार.

आतां संगणकाची बाजू पाहूं. येथें संगणक म्हणजे टेबलावरचें मोठें यंत्र नव्हे. आर्डुइनो किंवा ई.एस्.पी. ३२ या नांवानें मिळणारी तळहाताएवढी पट्टी या कामास पुरते. तिच्या पायांवर आज्ञेप्रमाणें ३.३ किंवा ५ व्होल्टांचा दाब येतो व जातो. परंतु या पायांत ताकद थोडी असते. सुमारें २० मिलिअँपियरांपेक्षां अधिक प्रवाह त्यांच्याकडून घेऊं नये. उलट, बाजारांत सर्वत्र मिळणाऱ्या ५ व्होल्टी लहान रिलेचें वेटोळें साधारण ७० ओहमांचें असतें. त्यास सुमारें ७१ मिलिअँपियर लागतात. रिले थेट पायाला जोडला तर एक तर तो ओढला जाणार नाहीं, नाहीं तर पट्टी जळेल. म्हणून मध्यें एक ट्रान्झिस्टर बसवितात. संगणक ट्रान्झिस्टरला इशारा देतो व ट्रान्झिस्टर रिलेचा भार उचलतो.

रिलेच्या वेटोळ्याला आडवा एक डायोड जोडणें अत्यंत अवश्य आहे. वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं तोडला म्हणजे त्यांत सांठलेली ऊर्जा वाट शोधूं लागते व क्षणभर पुष्कळ मोठा दाब उभा राहतो. तो ट्रान्झिस्टरला मारतो. डायोड त्या ऊर्जेला वेटोळ्यांतच फिरण्यास वाट देतो. तयार पट्ट्यांवर ट्रान्झिस्टर व डायोड दोन्ही आधींच बसविलेले असतात.

येथें एक गंमतीची अडचण आहे. व्हॉल्व्हालाहि वेटोळेंच आहे. मग त्यालाहि डायोड लावावा असें कोणासहि वाटेल. पण डायोड एकाच दिशेनें प्रवाह जाऊं देतो, आणि आपण तर दिशा पालटणार! एका दिशेस तो निमूट बसेल, पण दुसऱ्या दिशेस ठोक्याची सारी वीज व्हॉल्व्ह चुकवून त्याच्यांतूनच जाईल. म्हणून ज्या वस्तूचा ध्रुव पालटावयाचा तिला एकटा डायोड कधींहि लावूं नये. दोन्ही दिशांना सारखें वागणारा व्हॅरिस्टर लावावा.

आणखी एक खोंच सांगतों. तयार रिलेपट्ट्यांपैकीं पुष्कळांचा स्वभाव उलटा असतो. पायावर दाब दिला कीं रिले सुटतो आणि दाब काढला कीं ओढला जातो. हें न जाणतां आज्ञा लिहिल्या, तर संगणक ‘बंद’ म्हणतो व रिले ‘चालू’ समजतो. शिवाय संगणक जागा होत असतांना त्याच्या पायांची स्थिति क्षणभर अनिश्चित असते. म्हणून कोणताहि पाय वापरण्यापूर्वीं रिले विश्रांतींत राहील अशीच त्याची पहिली आज्ञा असावी.

मग आज्ञांचा क्रम साधा आहे. दोन्ही रिले विश्रांतींत आहेत याची खात्री करावी, अ ओढावा, जीभ पोंचण्यास लागणाऱ्या शंभराव्या भागाएवढ्या सेकंदासहित व्हॉल्व्हाच्या ठोक्यापुरता वेळ थांबावें, अ सोडावा. बंद करतांना अ च्या जागीं ब. आणि एक व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वीं दुसरा उघडावा, म्हणजे मोटारीचें पाणी कोंडून नळीवर ताण येणार नाहीं.

आतां धोक्याच्या दोन गोष्टी. पहिली, कशाचा ध्रुव पालटूं नये? रेडिओ, दिव्यांची एल्.ई.डी. पट्टी, मोबाइल, संगणकाची पट्टी, बॅटरी यांचा ध्रुव कधींहि पालटूं नये. त्यांतील कांहीं भाग एकाच दिशेचे असतात. विशेषतः रासायनिक संधारक उलटा जोडला तर तापून फुटतो. कायम चुंबकाची एकदिश मोटार व अडसरी व्हॉल्व्ह यांसारख्या वस्तूच पालट सोसतात. विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारीला तर प्लस-मायनस नसतोच. डी.पी. दुरुस्त झाल्यावर कधीं कधीं ‘मोटार उलटी फिरते’ असा अनुभव येतो, तो तीन फेजांपैकीं दोहोंची अदलाबदल झाल्यामुळें. पुन्हा दोन तारा बदलल्या कीं ती सुलट होते. तें काम जाणत्या वायरमनचें आहे, आपल्या या लहानशा रिलेचें नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लहान रिलेवर ‘१० अँपियर, २५० व्होल्ट’ असें छापलेलें असतें, तें प्रत्यावर्ती विजेसाठीं. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदांतून शंभर वेळां शून्यावर येतो. त्यामुळें स्पर्शक विलग होतांना पडलेली ठिणगी आपोआप विझते. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाहीं. ठिणगीची ज्योत तशीच तेवत राहते. म्हणूनच त्याच रिलेवर एकदिश विजेसाठीं केवळ ३० व्होल्टांची मर्यादा दिलेली असते. आपल्या १२ व्होल्टी व्हॉल्व्हाला तो योग्य आहे. परंतु सौरपंपाच्या पट्ट्यांपासून येणाऱ्या तारांवर शेंकडों व्होल्ट एकदिश दाब असूं शकतो. तेथें हा रिले घातला तर ज्योत एका स्पर्शकापासून दुसऱ्यापर्यंत पोंचून प्लस-मायनस भिडतील व आग लागेल. त्या तारांना कोणीहि हौसेनें हात घालूं नये.

शेवटचा प्रश्न विश्वासाचा आहे. अडसरी व्हॉल्व्हाचा जो गुण, तोच त्याचा दोष. उघडा असतांना वीज गेली, बॅटरी उतरली, किंवा संगणक बंद पडला, तर तो उघडाच राहतो. संगणकाची स्मृति पुसली जाते. व्हॉल्व्हाची पुसली जात नाहीं. संगणक जागा होऊन ‘सर्व बंद आहे’ असें मानून बसेल, आणि इकडे एका वाफ्यांत पहाटेपर्यंत पाणी साचत राहील. कंदकुजीला याहून अधिक काय हवें? म्हणून तीन नियम पाळावेत. जागा होतांच संगणकानें प्रथम सर्व व्हॉल्व्हांना बंदचा ठोका द्यावा. तो आधींच बंद असेल तर कांहीं बिघडत नाहीं. बॅटरी एका ठराविक पातळीच्या खालीं उतरूं लागली कीं, अखेरच्या ठोक्यापुरती शक्ति शिल्लक असतांनाच तिनें पाणी बंद करून घ्यावें. आणि नळीवर दाब किंवा प्रवाह मोजणारा एक मापक बसवावा. बंदची आज्ञा दिल्यावरहि पाणी वाहत असेल तर संगणकानें पुन्हा ठोका द्यावा, आणि तरीहि न थांबलें तर मोटार थांबवून मालकाला मोबाइलवर कळवावें. आज्ञा दिली म्हणजे काम झालें असें माणसाच्या बाबतींतहि आपण मानीत नाहीं. यंत्राच्या बाबतींत कां मानावें?

व्हॉल्व्हावरची हातानें फिरविण्याची कळ मात्र काढूं नये. यंत्र चुकलें तर शेतकऱ्याचा हात तेथें पोंचला पाहिजे.

श्रोतेहो, ही सामग्री फार मोलाची नाहीं, आणि ती जोडण्यास पदवी लागते असेंहि नाहीं. शाळेच्या विज्ञानमंडळांतील मुलें एक बॅटरी, दोन रिले व खेळण्यांतील एक लहानशी मोटार घेऊन हा प्रयोग एका दुपारीं करूं शकतील. संगणकाची पट्टी आणण्यापूर्वीं त्यांनीं अ आणि ब या दोन रिलेंच्या चार स्थिति कागदावर काढाव्या आणि प्रत्येकींत प्रवाह कोठून कोठें जातो हें बोटानें दाखवावें. ज्याला हें बोटानें दाखवितां आलें त्याची जोडणी सहसा चुकत नाहीं. आणि अशा मुलांपैकीं एखाद्यानें उद्यां आपल्या वडिलांची रात्रीची बांधावरची एक फेरी वांचविली, तर ओर्स्टेडची ती सुई आपल्या हळदीच्या वाफ्यापर्यंत पोंचली असें समजण्यास हरकत नाहीं.